स्वयंपाकघरातलं ऑपरेशन थिएटर

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सिस्टर दर रविवारी दुपारी तीन वाजता आपल्या स्वयंपाकघरात ऑपरेशन करतात, आणि गेली दोन वर्षं त्या ऑपरेशनची डॉक्टर मी असते.

हे मी घरात पहिल्यांदा सांगितलं तेव्हा आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. म्हणून नीट सांगते.

सिस्टर इस्पितळाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये आहेत. तिथे नव्याने येणाऱ्या नर्सना थिएटरचं काम शिकवायचं, ही त्यांची नोकरी. वॉर्डात चांगलं काम केलेली मुलगीसुद्धा थिएटरच्या दारात आली की पहिलीच्या वर्गात बसवल्यासारखी होते. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे, धुतलेले हात छातीसमोर कसे धरायचे, डॉक्टरांनी मागितलेलं अवजार त्यांना मान वळवावी न लागता तळहातावर कसं ठेवायचं, हे सगळं तिने तीन महिन्यांत शिकायचं असतं. तीन महिन्यांनी सिस्टर एक फॉर्म भरतात. त्यावरून ती मुलगी थिएटरमध्ये राहते किंवा वॉर्डात परत जाते.

सिस्टर बुटक्या, काटक, सत्तावन्न वर्षांच्या. आयुष्यभर धुऊन धुऊन त्यांच्या हातांची कातडी पातळ झाली आहे. त्या कुठलंही दार पाठीने उघडतात. इस्पितळाचं तर उघडतातच, पण वाण्याच्या दुकानाचंही. एकदा वाण्याने विचारलं, "सिस्टर, आमच्यावर राग आहे का? नेहमी पाठ फिरवूनच येता." त्या म्हणाल्या, "हात स्वच्छ आहेत हो माझे, तुमच्या दाराला कशाला लावू?" वाणी बिचारा दुसऱ्या दिवशी दार पुसून बसला होता.

त्यांच्यासोबत त्यांची थोरली बहीण राहते. तिला सगळी इमारत ताई म्हणते. स्वयंपाकघर ताईंचं आहे आणि रविवारी ते त्यांच्या हातून जातं. टेबलावर स्वच्छ चादर अंथरली जाते. चादरीवर चिमटा, सांडशी, पळ्या, झारा, कात्री आणि सगळे चमचे ओळीने मांडले जातात. नव्या मुली एकेक करून त्या मांडणीमागे उभ्या राहतात. समोर मी खुर्चीवर बसते, कारण माझे गुडघे बत्तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून संपले होते. मी पेशंट म्हणून ठेवलेल्या उशीवर वाकून हात पुढे करते आणि म्हणते, "चिमटा." मुलीने तो माझ्या तळहातावर ठेवायचा, असा की बोटं मिटली की तो धरलेलाच असावा.

"माझी पळी निर्जंतुक आहे, हे कळलं," ताई आतल्या खोलीतून ओरडतात. "पण ती आहे कुठे, ते कुणी सांगेल का?"

गेल्या वर्षी आलेल्या तीन मुलींमध्ये एक होती खारूताई. हे नाव सिस्टरांनीच ठेवलं. अंगाने लहानखुरी, डोळे टपोरे, आणि हात असे चपळ की मी "कात्री" म्हणायला तोंड उघडावं आणि कात्री हातात यावी. मी मुद्दाम क्रम बदलून पाहिला, एकदा उगाच खोकून पाहिलं. खोकल्यावर तिने माझ्या हातात रुमाल ठेवला.

"सिस्टर, ही तर पहिली येणार," मी म्हणाले.

मुली गेल्यावर सिस्टरांनी मला विचारलं, "बाई, तुमच्याकडे खडू आहेत का हो?"

निवृत्त शिक्षिकेकडे खडू नसतील तर कुणाकडे असतील? मी अख्खी पेटी दिली.

पुढच्या रविवारी मुली येण्याआधी सिस्टरांनी खुर्च्यांच्या पाठी, टेबलाच्या कडा आणि फ्रिजचं हँडल खडूच्या भुकटीने माखून ठेवलं. मुलींना त्याचा पत्ता नव्हता. थिएटरचा मुख्य नियम असा की हात धुऊन गाऊन घातल्यावर निर्जंतुक नसलेल्या कशालाही बाही किंवा ग्लोव्ह लागला, तर त्या क्षणी "लागलं" म्हणायचं आणि बदलून यायचं. कुणी पाहिलं असो वा नसो. सिस्टर हा नियम इतका घोकून घेतात की इस्पितळात त्यांना मागून "लागलं सिस्टर" म्हणतात.

त्या दिवशी उंच मुलगी दोनदा "लागलं" म्हणाली. तिसरी एकदा म्हणाली. खारूताई एकदाही नाही. शेवटी सिस्टरांनी तिघींना खिडकीपाशी उभं केलं. खारूताईच्या गडद कुडत्यावर कोपरापाशी एक पांढरा पट्टा होता आणि मनगटावर दुसरा.

सिस्टरांनी बोटाने तो पट्टा दाखवला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "हा कधीचा?"

"दुसऱ्या चमच्याच्या वेळचा," खारूताई म्हणाली. म्हणजे तिला कळलं होतं. क्षण न् क्षण ठाऊक होता.

"आणि हा?"

"तुम्ही ताईंना पळी द्यायला वळलात तेव्हाचा."

सिस्टरांनी मान डोलावली आणि चहा ठेवला. रागावल्या नाहीत. मला मात्र राहवलं नाही. मुली गेल्यावर मी म्हणाले, "चांगली कानउघाडणी करायला हवी होती. मी असते तर—"

"तुम्ही होताच की, बाई," सिस्टर म्हणाल्या. "उंच मुलगी दुसऱ्यांदा 'लागलं' म्हणाली तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

मला आठवेना.

"'परत?' असं म्हणालात. भुवया वर करून. तो 'परत?' खारूताईने ऐकला. थिएटरमध्ये मोठे डॉक्टरही तेच करतात. परवा त्यांनी एकीला विचारलं, 'अजून काय काय लावणार आहेस आज?' पोरी मुक्या नसतात हो, आपण त्यांना मुकं करतो."

बत्तीस वर्षांत मी किती वेळा "परत?" म्हणाले असेन, याचा हिशेब त्या रात्री मी करायला घेतला आणि सोडून दिला. पण त्या दिवसापासून माझ्या डॉक्टरकीत एक वाक्य वाढलं. कुणीही "लागलं" म्हणालं की मी म्हणायचं, "बरं झालं सांगितलंस." सुरुवातीला ते माझ्या तोंडून औषध घेतल्यासारखं निघायचं. पुढे सवय झाली. इतकी, की आमच्या ह्यांनी कप फोडल्याचं सांगितलं तेव्हाही मी तेच म्हणाले, आणि ते दिवसभर माझ्याकडे संशयाने पाहत राहिले.

तो फॉर्म सिस्टरांनी मला तेव्हाच दाखवला. छापील फॉर्मवर दहा ओळी होत्या. हात धुणं, मांडणी, अवजारांची ओळख, वेग. खारूताईच्या नऊ ओळी उत्तम होत्या, दहावी त्याहून उत्तम. त्याखाली सिस्टरांनी स्वतःच्या अक्षरात अकरावी ओळ वाढवलेली होती. प्रत्येक मुलीच्या फॉर्मवर त्या ती हाताने लिहितात. "न विचारता सांगते का?" खारूताईच्या फॉर्मवर त्यापुढची जागा कोरी होती.

"दहा ओळी चांगल्या असून एका ओळीसाठी परत पाठवाल?"

"हो," त्या म्हणाल्या. "आणि मला वाईट वाटेल. गेल्या वीस वर्षांत असे हात माझ्याकडे आलेले नाहीत. महिना आहे अजून."

मग त्यांनी मला त्यांची स्वतःची हकिगत सांगितली. हातातलं भांडं पुसत पुसत, माझ्याकडे न बघता.

"मी चोवीस वर्षांची होते. ऑपरेशन चालू असताना माझा ग्लोव्ह टेबलाखालच्या पट्टीला लागला. मी बोलले नाही. वाटलं, डॉक्टर ओरडतील. पेशंट दहाव्या दिवशी हसत हसत घरी गेला. काहीच झालं नाही, बाई."

"मग बरंच झालं."

"नाही ना! तेच वाईट झालं. काही झालं असतं तर मी धडा घेतला असता. काहीच झालं नाही, म्हणून मी शिकले की गप्प बसलं तरी चालतं. दुसऱ्या वेळी गप्प बसायला सोपं गेलं. तिसऱ्या वेळी तर सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही."

"मग?"

"मग एक दिवस कोपऱ्यातून आवाज आला. 'सिस्टर, लागलं.' फरशी पुसणाऱ्या मावशी. त्यांनी थिएटरमध्ये तोंड उघडायचं नसे. डॉक्टर त्यांच्यावरच खेकसले. आणि मी... मी म्हणाले, 'नाही, नाही लागलं.'" सिस्टरांनी भांडं खाली ठेवलं. "मावशींनी मान खाली घातली आणि पुसायला लागल्या. रागाने बघितलंसुद्धा नाही. तो फडक्याचा आवाज मला सहन होईना. अर्ध्या मिनिटाने मी हात वर केले आणि म्हणाले, 'मावशी खरं बोलतात. लागलं.' पुढची सहा वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्यांनी तो विषय कधी काढला नाही. मला शिकवणाऱ्या पुष्कळ झाल्या, पण हे शिकवलं ते मावशींनी."

त्याच आठवड्यात सिस्टरांचं मनगटी घड्याळ बंद पडलं. बंद पडलं की पाडलं, हे मी विचारलं नाही. खारूताईच्या वडिलांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं आणि सिस्टर तिथेच ते घेऊन गेल्या. परत येताना आमच्याकडे थांबल्या, त्या चेहऱ्यावर ऊन पडल्यासारख्या.

"बाई, सापडलं!"

"घड्याळ?"

"अहो, पोरगी!"

दुकान म्हणजे जिन्याखालची फळीएवढी जागा. वडील डोळ्याला भिंग लावून बसलेले. त्यांनी सिस्टरांच्या घड्याळाचं झाकण उघडलं आणि उघडताना तीळभर आकाराचा एक स्क्रू खाली पडला. सिस्टरांना तो पडताना दिसला. पण त्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. त्यांनी हळूच पाय सरकवून स्क्रू पडला तिथे टाच रोवली आणि तोंडाने "अर्ध्या तासात देतो हं" चालू ठेवलं.

"पडला ना?" सिस्टर म्हणाल्या.

वडिलांनी भिंग काढून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग हसले. "तुमच्या लक्षात आलं? आजवर कुणाच्या आलं नव्हतं. आमच्या धंद्याचा पहिला धडा आहे तो. गिऱ्हाईक समोर असताना चेहरा बदलायचा नाही. पडलं म्हटलं की त्याचा विश्वास उडाला. तो गेला की शोधायचं. पोरीला सातव्या वर्षी शिकवलं मी हे. माझ्यापेक्षा चांगलं करते ती."

"करते खरी," सिस्टर म्हणाल्या. "दिसतं मला रोज."

मग त्यांनी आपण कोण ते सांगितलं. त्या माणसाला आधी अभिमान वाटला आणि नंतर गोष्ट समजल्यावर तो ओशाळला.

"घड्याळ बिघडलं तर गिऱ्हाईक परत घेऊन येतं," सिस्टरांनी त्यांना सांगितलं. "आमचं गिऱ्हाईक परत आलं तर ती वाईट बातमी असते. तिला तुमचा धडा विसरायला सांगू नका. फक्त एवढं सांगा की तो या दुकानाचा आहे."

त्यांनी सांगितलं असावं. पुढच्या रविवारी खारूताई कधी नव्हे ती अडखळत होती. एकदा तिची बाही खुर्चीला घासली. ती थांबली, तिचा चेहरा लाल झाला, ओठ उघडले आणि मिटले. आणि तिने मला झारा दिला. सिस्टरांनी पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही पाहिलं हे तिनेही पाहिलं. जिन्यात ती रडत होती, असं ताई म्हणाल्या. ताईंनी तिला काय सांगितलं, तर "अगं, रडतेस काय, मी या घरात तीस वर्षं ऐकतेय लागलं लागलं, तूही म्हण एकदाचं आणि सूट!"

महिन्यातले दहा दिवस उरले आणि माझ्या गुडघ्याची तारीख आली. उजवा गुडघा बदलायचा होता, मोठ्या डॉक्टरांच्या हातून. सिस्टर आदल्या आठवड्यात येऊन बसल्या. चहा घेतला. कप खाली ठेवला. परत उचलला.

"बाई, एक विचारते. नाही म्हणालात तरी चालेल, मला राग येणार नाही. तुमच्या टेबलावर खारूताईला उभी करू का? मी तिच्या शेजारी गाऊन घालून असेन. तिची शेवटची मोठी केस असेल ती. त्यानंतर मला फॉर्म भरावा लागेल."

सांध्यात जंतू गेले तर काय होतं, हे तोवर मला चांगलं ठाऊक झालं होतं. सगळं परत उघडावं लागतं, कधीकधी पायावरच बेततं. मी ह्यांच्याकडे पाहिलं.

"गुडघा तुझा, परीक्षा तिची," हे म्हणाले, "आणि घाम मला. ठरवा तुम्ही बायका."

मी विचार केला. ज्या मुलीला तिचा प्रत्येक चुकार स्पर्श क्षणासकट आठवतो, ती बेपर्वा नाही. ती घाबरलेली आहे. आणि घाबरलेल्या मुलांबरोबर माझं आयुष्य गेलं आहे. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर, शेजारी सिस्टर असणार होत्या, म्हणूनही म्हणाले.

सकाळी साडेआठला मला आत नेलं. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं. झोपेचं औषध मी घेतलं नाही. माझ्या छातीवर एक हिरवा पडदा उभा राहिला. पडद्याच्या अलीकडे मी, भूल देणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाई आणि छताचा एक चौकोन. पलीकडे माझा पाय, आणि त्याच्याभोवती सगळे.

"आजी, आवाज येतील हं," भूल देणारी म्हणाली. "घाबरू नका."

"सुताराचं दुकान आमच्या शाळेच्या मागेच होतं," मी म्हणाले.

मोठ्या डॉक्टरांचा कामातला आवाज मी पहिल्यांदा ऐकला. ते फक्त नामं बोलतात, क्रियापदं त्यांना जड होत असावीत. ते नाव उच्चारत आणि पाठोपाठ धातू ग्लोव्हवर टेकल्याचा बारीक आवाज येई. मध्ये क्षणही जात नसे. मला तो ताल ओळखीचा होता. आमच्या टेबलावर तोच ऐकत आले होते, फक्त तिथे पळ्या होत्या. मी मनातल्या मनात म्हणत होते, शाब्बास, खारूताई.

अर्धा-पाऊण तास गेला. ठोकाठोकी झाली, करवत चालली. मग नवा सांधा बसवण्याची वेळ आली. सगळ्यात जपण्याची. पलीकडे लोक थोडे सरकले, कुणीतरी कुणाला जागा दिली.

आणि तो ताल तुटला.

डॉक्टरांनी काहीतरी मागितलं आणि त्यांच्या हातावर काही आलं नाही.

"काय झालं?" डॉक्टर म्हणाले.

मी छताच्या चौकोनाकडे बघत होते. माझं हृदय यंत्रावर टिकटिकत होतं ते भराभर टिकटिकायला लागलं, आणि ते सगळ्यांना ऐकू येत होतं, याचीच मला लाज वाटली.

मग खारूताईचा आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "सिस्टर, तुमची बाही लागली. मागच्या यंत्राच्या कडेला."

"माझी?" सिस्टर म्हणाल्या. त्या खरोखर चकित झाल्या होत्या. "कधी?"

"आत्ता, मागे सरकलात तेव्हा. कोपरापाशी."

त्या खोलीत तेहतीस वर्षं काढलेल्या, "लागलं" शिकवणाऱ्या बाईला तीन महिन्यांची पोर सांगत होती. मला वाटलं, झालं, संपलं. पण ती थांबली नव्हती.

"आणि..." ती म्हणाली. मग तिचा आवाज कापला. "आणि तुम्हाला पुढे ओढायला मी हात घातला. माझा ग्लोव्ह तुमच्या त्याच बाहीला लागला. माझंही लागलं."

हे कुणीही पाहिलं नव्हतं. नंतर मी सगळ्यांना विचारून खात्री करून घेतली. सिस्टरांना आपली बाही लागल्याचंच कळलं नव्हतं, तर तिचा ग्लोव्ह कुठून कळणार? सिस्टरांचं सांगून ती गप्प राहिली असती तर शाबासकी मिळवून मोकळी झाली असती. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतंच सगळ्यांना.

"त्यानंतर कशाला हात लावलास?" डॉक्टरांनी विचारलं.

"कशालाच नाही. तसेच वर धरलेत."

आता डॉक्टर "अजून काय काय लावणार आहेस?" म्हणणार, असं मला वाटलं. नवा सांधा तयार, पेशंट उघडा, आणि दोघी एकदम बाद. आणि तेवढ्यात, पडद्याच्या अलीकडून, माझ्या तोंडून रविवारच्या सवयीने आपोआप निघालं:

"बरं झालं सांगितलंस."

आधी भूल देणारीला हसू फुटलं. मग पलीकडे कुणीतरी मास्कमध्ये फुसकन हसलं. मोठे डॉक्टर पडद्यावरून डोकावले. मला फक्त दोन डोळे दिसले.

"पेशंट जागा आहे वाटतं," ते म्हणाले.

"डॉक्टर, त्या माझ्या स्वयंपाकघरातल्या सर्जन आहेत," सिस्टरांचा आवाज आला.

"असं का?" डोळे परत खाली गेले. मग एक मोठा उच्छ्वास ऐकू आला. "बरं झालं सांगितलंस, मुली. दोघी बदलून या. आम्ही थांबतो."

सिस्टर मागे महिनाभर त्यांच्या पाठी लागल्या होत्या, हे मला नंतर कळलं. केबिनमध्ये जाऊन त्यांनी सांगितलं होतं, "तुमच्या एका वाक्याने माझे तीन रविवार वाया जातात." डॉक्टर म्हणाले होते, "मग काय, टाळ्या वाजवू?" "टाळ्या नकोत. तीन शब्द म्हणा." त्यांनी "बघतो" म्हणून फाईल उघडली होती. ते तीन शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडायला माझा गुडघा उघडावा लागला. असो. गुडघा सत्कारणी लागला म्हणायचा.

दोन-तीन मिनिटांत दोघी नव्या गाऊनमध्ये परत आल्या आणि तो ताल पुन्हा सुरू झाला.

संध्याकाळी पाचच्या सुमारास सिस्टर माझ्या खोलीत आल्या, दार पाठीने उघडून. माझी नाडी पाहिली, पायाची बोटं दाबून पाहिली, मगच बसल्या.

"मला कळलंच नाही, बाई," त्या म्हणाल्या. "बाही लागली आणि मला कळलं नाही. पूर्वी मला केस हलला तरी कळायचं."

"सत्तावन्न वर्षांच्या आहात."

"तेच. इथे येताना पहिल्यांदा भीती वाटली. मग वाटलं, भीती कसली? मी हेच तर करत आलेय ना इतकी वर्षं? मला कळणार नाही त्या दिवसासाठी कुणीतरी तयार करून ठेवायचं." आणि त्या हसल्या. "तिला बाहेर आल्यावर विचारलं, 'अगं, स्वतःचं कशाला सांगितलंस, कुणी पाहिलं नव्हतं.' मुद्दाम विचारलं. तर म्हणते कशी, 'सिस्टर, खाली आजींचा गुडघा होता. तिथे टाच कुठे ठेवणार?'"

दारात हे उभे होते, पिशवीत माझे कपडे घेऊन. "मी आत येऊ का," त्यांनी विचारलं, "की माझं काही लागलेलं आहे?"

थिएटरच्या नोंदवहीत त्या दिवसाची नोंद सिस्टरांनी स्वतः केली. आधी आपली बाही, मग तिचा ग्लोव्ह, वेळेसकट. आणि फॉर्म भरून वर पाठवण्याआधी त्यांनी तो मला दाखवला. दाखवायचा नसतो बहुतेक, पण त्या म्हणाल्या, परीक्षक तुम्हीही होतात. अकराव्या ओळीपुढे, "न विचारता सांगते का?" या प्रश्नापुढे, त्यांनी लिहिलं होतं:

"हो. स्वतःचं आणि माझंसुद्धा."

सहा आठवडे मला जिना चढायची बंदी होती. म्हणून रविवारचं थिएटर आमच्या स्वयंपाकघरात उतरलं. नव्या दोन मुली आल्या होत्या. खारूताई वर्ग सुरू होण्याआधी अर्धा तास आली आणि तिने ह्यांच्या देखत ह्यांच्याच खुर्चीच्या पाठीला खडू फासला. ह्यांनी ते लक्षात न ठेवता तिथेच बसून चहा घेतला. मग उठून, पाठीवर पांढरा चौकोन घेऊन, ते दारापर्यंत गेले, थबकले, आणि वळून म्हणाले, "माझंही लागलं बहुतेक."

सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं. वरून ताईंचाही आवाज आला, पण त्या दुसरंच काही विचारत होत्या. झारा मिळाला नव्हता.